उतरणाऱ्याला आधी पाणी

बंगळुरात डोंगर नाही असं म्हणणाऱ्यांनी आमचं वठार पाहिलेलं नाही. एका सामाईक अंगणाभोवती ओळीने बांधलेल्या भाड्याच्या घरांना तिकडे वठार म्हणतात. आमचं शिवाजीनगरच्या बाजारामागे होतं. आठ बिऱ्हाडं, एक नळ आणि एक डोंगर एवढी त्याची मिळकत.

डोंगर म्हणजे अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीतून वर आलेला काळा दगड. दीड पुरुष उंच. एका बाजूने बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा उतरता, दुसऱ्या बाजूने सरळ तुटलेला. घरमालकाच्या आजोबांनी तो फोडायला पाथरवट लावले होते, पण छिन्न्या मोडल्या आणि पाथरवट पळून गेले, असं सांगायचे. वठारातल्या बायका त्यावर मिरच्या आणि सांडगे वाळवायच्या. आईने मात्र राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्याला डोंगर म्हणून टाकलं, आणि आईने एकदा म्हटलं की आमच्या घरात त्यावर अपील नव्हतं.

पपांनी एकदा करून पाहिलं. ते मोजणीच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, त्यामुळे डोंगर कशाला म्हणावं हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. ते म्हणाले, "अगं, डोंगर म्हणायला नकाशात निदान एक तरी उंचीची रेषा पडावी लागते. हा तर टिंब म्हणूनसुद्धा यायचा नाही."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमच्या नकाशात देव तरी कुठं येतोय?"

पपा चहा प्यायला लागले.

आईचं हे डोंगराचं वेड माहेरचं होतं. बेळगावकडच्या एका गावात, डोंगराच्या अगदी पायथ्याला तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी उपदेशही तेच करायचे. तिथल्या पाच-सहा ख्रिस्ती घरांत भांडण झालं की आजोबा न्यायनिवाडा करत बसत नसत. ज्याचं डोकं तापलं असेल त्याला ते डोंगरावर पाठवायचे. "ज्याला ज्याला देवाशी नीट बोलायचं होतं तो डोंगरावरच गेला," असं ते सांगायचे. "खुद्द प्रभूसुद्धा माणसांचा गलका सोसेना की एकटे वर जायचे. मग आपण कोण लागून गेलो?"

त्यांनी याचे नियम केले होते. वर बसलेल्याला हाक मारायची नाही. तो देवाला काय सांगतो ते चोरून ऐकायचं नाही, आणि कानावर पडलंच तर खाली त्याची चौकशी करायची नाही. वर गेलेल्याने खोटं बोलायचं नाही आणि उतरायच्या आधी आपलं घर एकदा नीट बघून घ्यायचं. शेवटचा नियम त्यांचा सगळ्यात लाडका. डोंगरावरून उतरलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. तांब्या रिकामा होईपर्यंत त्याला कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

लग्न होऊन आई बंगळुरात आली तेव्हा तिने पितळेची भांडी आणली, स्तोत्रांची वही आणली आणि हे नियम आणले. नुसता डोंगर तेवढा तिकडे राहिला होता. तो तिला या दगडात सापडला.

आता मला सांगा, असा कायदा नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती लागल्यावर ती काय करेल? मी तेच केलं.

पहिला गुन्हा करंजीच्या सारणाचा. नाताळच्या आधी आईने खोबरं भाजून, वेलदोडे कुटून सारण केलं होतं आणि ती शेजारी पोळपाट मागायला गेली होती. ती येईपर्यंत पातेल्यात खड्डा पडला होता. उलथनं घेऊन ती बाहेर आली तेव्हा मी मिरच्या बाजूला सारून डोंगराच्या माथ्यावर गुडघे टेकून बसले होते. वर खोटं बोलायचं नाही म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "देवा, सारण मी खाल्लं. चांगलं होतं. वेलदोडा थोडा जास्त झालाय."

आई उलथनं घेऊन तशीच उभी राहिली. कायदा तिच्या बापाचा होता, करते काय! मी सावकाश उतरले आणि हात पुढे केला. तिने दात ओठ खात तांब्या आणून दिला. तांब्याभर पाणी प्यायला माणसाला किती वेळ लागू शकतो याचा मी त्या वर्षी अभ्यास केला. एक घोट घ्यायचा, आभाळाकडे बघायचं, पुन्हा एक घोट. आईचा राग पाऊण तांब्यात उतरतो असं माझ्या ध्यानात आलं. उरलेला पाव तांब्या मी नुसत्या चैनीसाठी प्यायची.

मग माझा सगळा दिनक्रमच सोपा झाला. पाटी फोडली, चला डोंगरावर. भावाला ढकललं, चला डोंगरावर. आठवड्यातून चार वेळा तरी मी देवापुढे हजर असायची. देवाला माझा कंटाळा आला असेल, पण मी इतकं पाणी प्यायची की माझी तब्येत उत्तम होती. अडचण एकच होती, ती म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो सहा वर्षांचा आणि स्वभावाने पापभीरू, त्यामुळे त्याच्याकडे स्वतःचे गुन्हे नव्हते. पण वर जायची हौस दांडगी. मग तो वर जाऊन माझे गुन्हे कबूल करायचा. आईला तोवर पत्ता नसलेल्या तीन गोष्टी त्याने एका दुपारी हात जोडून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात देवाला सांगितल्या. कानावर पडलं तर चौकशी करायची नाही हा नियम होता म्हणून मी वाचले.

वर्षभरात पपाही शरण आले. बंगळुरात आम्ही मराठी ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतके. आम्हाला स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. तमिळ मंडळींच्या देवळात सकाळची उपासना त्यांची, मग इंग्रजीवाल्यांची, आणि दुपारी तीनला, देवालाही डुलकी येत असेल अशा वेळी, आमची. एका रविवारी पपांनी पाळकसाहेबांना आणि आणखी तिघांना "या की आज आमच्याकडेच जेवायला" असं उदार मनाने सांगितलं, आणि घरी सांगायला विसरले. संध्याकाळी पाळकसाहेबांची सायकल वठाराच्या दारात दिसली तेव्हा घरात सकाळचा भात आणि लिंबाचं लोणचं होतं. आईने पपांकडे पाहिलं. पुढच्या क्षणाला पपा कोटासकट, बुटांसकट डोंगरावर होते. त्यांना उंचीची रेषा तेव्हा दिसली असावी.

पाळकसाहेबांनी वर मान करून विचारलं, "हे तिथे काय करतायत?"

"प्रार्थना," आई म्हणाली.

"कशासाठी?"

"तुमच्या जेवणासाठी."

जेवण शेवटी शेजारच्या अक्कांच्या घरातून आलं. अक्कांचं घराणं मराठीच, पण तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इकडचंच झालेलं. त्यांच्या मराठीत इतकं कानडी मुरलं होतं की आईला बेळगावची असून हसू यायचं. अक्का विधवा होत्या, देवभोळ्या होत्या आणि सुनेला कावलेल्या होत्या. डोंगराचे नियम त्यांनी एकदाच ऐकले आणि काठी टेकत येऊन तिसऱ्या दिवशी उतरत्या बाजूने निम्म्यापर्यंत चढून बसल्या.

"तुमचा देव पण डोंगरावरच राहतो म्हण की," त्या आईला म्हणाल्या. "आमचा पण तसंच. अय्यो, खालचा गलाटा कुठल्याच देवाला सोसत नाही बघ."

"राहत नाही अक्का, तिथं भेटतो," आई म्हणाली.

"सरी, सरी. मला सुनेपासून स्वल्प लांब बसायला मिळालं म्हणजे झालं."

त्यांची सून शहाणी होती. अक्का उतरल्या की तांब्या घेऊन उभी राहायची. सुनेच्या हातचं पाणी पिताना अक्कांना बोलता यायचं नाही, आणि बोलायला मिळेपर्यंत काय बोलायचं होतं ते त्या विसरायच्या. त्या घरात आमच्या धर्माचा एवढाच प्रसार झाला.

घर बघून उतरायच्या नियमाचं मला सुरुवातीला कोडं होतं. दीड पुरुष उंचीवरून असं काय दिसणार? पण दिसायचं. आमच्या कौलांवर अडकलेला माझा चेंडू दिसायचा. स्वयंपाकघराच्या धुराड्याचा काळा पट्टा दिसायचा. आणि खाली उभ्या असलेल्या आईचा भांग दिसायचा. खालून बघितलं की आई म्हणजे एक आवाज आणि एक हात. वरून बघितलं की आई म्हणजे एक भांग, आणि त्यात दोन पांढरे केस. ते केस दिसले की "चुकले" असं म्हणावंसं वाटायचं. पण मी ते पाण्याबरोबर गिळून टाकायची.

त्या वर्षी आईच्या मनातही एक गोष्ट खुपत होती. मे महिन्यात आम्ही आजोबांकडे गेलो होतो. निघायच्या दिवशी आजोबा म्हणाले, "बंगळुरात पोरांचं मराठी पण जाईल आणि देव पण. थोरलीला इथं ठेव, मी शिकवतो." थोरली म्हणजे मी. आईला तिडीक आली. ती म्हणाली, "तुमच्या शाळेत शिकून कोण कुठं पोचलंय अण्णा? सगळी गुरंच राखायलीत की."

आजोबांनी छत्तीस वर्षं ती शाळा चालवली होती.  त्यांनी काठी घेतली आणि डोंगराकडे चालू लागले. आमची बस अकराची. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, आजोबा वरच होते. हाक तर मारता येत नव्हती. शेवटी आईने आमचे हात धरले आणि बसमध्ये बसवलं. बस सुटली तेव्हा डोंगरावर एक पांढरा ठिपका दिसत होता. ते उतरतील तेव्हा पाणी द्यायला कुणी नव्हतं.

त्यानंतर आजोबांचं पत्र आलं नाही. आईने दोन लिहिली, उत्तर नाही. एरवी डिसेंबर लागला की "नाताळला या" असं त्यांचं पत्र यायचंच, आणि आई आम्हाला घेऊन जायची. त्या डिसेंबरात ती रोज पोस्टमनची वाट बघायची. पपा म्हणाले, "पत्र कशाला पाहिजे? जा की तशीच."

"बोलावल्याशिवाय कोणत्या तोंडानं जाऊ?" आई म्हणाली.

मला मात्र पत्र यायला नको होतं. कारण सांगते. आमच्या मराठी मंडळीत नाताळच्या आधीच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम असायचा. बाकांवर बाक रचून, वर गोणपाट टाकून पपा त्याचा डोंगर करायचे, आणि त्या डोंगरावर उभं राहून देवदूत मेंढपाळांना आनंदाची बातमी सांगायचा. मागच्या वर्षी मी मेंढरू होते, आणि तेही मागच्या रांगेतलं. या वर्षी मी देवदूत होते. पपांनी कचेरीतल्या वाया गेलेल्या मेणकापडाचे पंख करून दिले होते. एका पंखावर, उजेडात धरलं तर, एक नदी आणि दोन गावं दिसायची. पत्र आलं की या वर्षी आई कार्यक्रमापर्यंतसुद्धा थांबणार नव्हती, आणि पंख खुंटीलाच राहणार होते.

आणि शनिवारी, शाळा अर्धी असते त्या दिवशी, वठाराच्या दारात पोस्टमनने माझ्याच हातात पत्र दिलं. निळं आंतर्देशीय पत्र. अक्षर आजोबांचं, पाटीवर गिरवायला देतात तसं गोल.

मी ते उघडलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्याचं पत्र वाचणं पाप आहे हे मला माहीत होतं. उशिरा देणं पाप आहे असं कुठे सांगितलं नव्हतं. कार्यक्रम आठ दिवसांवर होता. तो झाला की द्यायचं, एवढंच. मी पत्राची घडी घातली, पपांच्या टाकांच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत कोंबली आणि डबी डोंगराच्या माथ्यावर जी भेग होती तिच्यात आत सारली. देवाच्या ताब्यात दिलेली वस्तू म्हणजे काही चोरी नव्हे, अशी मी माझी समजूत काढली. वकील व्हायला हवी होते मी.

पण आई रोज दुपारी डोंगरावर जायला लागली. एरवी तिला महिन्यातून एकदा लागायचा तो डोंगर. आता भांडी घासून झाली की ती वर जाऊन बसायची, आणि बसायची ती नेमकी त्या भेगेवर. ज्या पत्राची वाट बघत होती त्याच्यावर बसून ती त्या पत्रासाठी प्रार्थना करत होती. मी नळापाशी बसून हे बघायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी आलं. चौथ्या दिवशी मी बघायचंच सोडून दिलं आणि घरात जाऊन देवदूताचं भाषण पाठ करत बसले. "भिऊ नका" असं म्हणताना माझाच आवाज कापत होता.

पुन्हा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. दुपारी मी डोंगराच्या तुटलेल्या बाजूला सावलीत बसून पंखांना दोऱ्या लावत होते. आई वर आली ते मला कळलं, पण मी तिथे आहे ते तिला कळलं नाही. उठून जायला हवं होतं. नियम होता. मी गेले नाही.

 ती अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागली. "देवा, सात महिने झाले. थांबले असते तर काय, एक बस चुकली असती. एवढंच ना? त्यांनी माझं तोंड बघायचं नाही ठरवलं असेल तर असू दे. पण म्हातारं माणूस आहे. काही झालं तर मला कळवतील तरी का रे कुणी?"

माझ्या हातातली सुई दोऱ्यात तशीच राहिली.

आई उतरली. मी धावत जाऊन तांब्या भरून आणला आणि तिला दिला. ती प्यायली. तांब्या खाली ठेवला न ठेवला तोच मी डोंगरावर चढले. आईने कपाळाला हात लावला.

"आता काय खाल्लंस?" ती म्हणाली.

 मी भेगेत बोटं घातली, डबी ओढून काढली. बोटाचं कातडं सोललं. "देवा," मी म्हणाले, "आईचं पत्र आलंय. आजोबांचं. मागच्या शनिवारी आलं. मी इथं लपवलं. मला देवदूत व्हायचं होतं." मग मला रडू कोसळलं आणि पुढचं काही नीट सांगता आलं नाही.

खाली आईने हात वर केला. मी डबी सोडली, तिने झेलली. तिने पत्र काढलं, कड फाडली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. मला वरून तिचा भांग दिसत होता. तो हलत नव्हता. पत्र एवढंसं आणि ती ते वाचतच होती.

पत्रात काय होतं ते नंतर तिनेच मला वाचायला दिलं. आजोबांनी लिहिलं होतं की पावसाळ्यापासून गुडघे गेले आहेत. लिहायला उशीर झाला तो रागाने नव्हे, लाजेने. डोंगरावर जाऊन देवाला विचारून मग लिहावं म्हटलं, पण आता एकट्याला चढवत नाही. नाताळला या. वर जायला कुणाची तरी सोबत पाहिजे.

आईने पत्र ब्लाउजमध्ये ठेवलं. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा बघून मी ठरवलं की आपण इथंच राहायचं, इथंच मोठं व्हायचं, इथंच मरायचं. तिने हाक मारली नाही. ती नळाकडे गेली, तांब्या भरला आणि येऊन डोंगरापाशी उभी राहिली.

मी उतरले. तिने तांब्या माझ्या हातात दिला. पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं. त्या दिवशी मी घोट मोजले नाहीत. गटागटा पिऊन टाकलं, कारण एकदाचं काय ते होऊन जावं असं मला वाटत होतं. तांब्या रिकामा झाला. आता ती मला मारणार हे मला ठाऊक होतं, आणि ती मारायला मोकळी होती.

"सरक," आई म्हणाली. "आज डोंगर मला पाहिजे."

आणि ती चढली. आमच्याकडे पाठ करून, बाजाराच्या दिशेला तोंड करून बसली. चुलीवर डाळ होती, ती करपली. वास वठारभर झाला, अक्कांची सून येऊन ती उतरवून गेली. उन्हं कलली. भावाने मला विचारलं, "आईने काय खाल्लं?" मी त्याला जवळ घेतलं, त्यालाही ते नवल वाटलं. पपा कचेरीतून आले तेव्हा आई वरच होती. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. पपांनी टोपी काढली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "चांगला उंच आहे डोंगर."

इतके दिवस मी समजत होते की डोंगरावर जाणारा आपला जीव वाचवायला जातो. त्या संध्याकाळी मला कळलं की आई वर गेली ती मला वाचवायला. तिच्या हातापासून. मला तिची भीती वाटत होती, आणि ती मला इतकी आवडत होती की ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण हाक मारायची नाही असा नियम होता.

दिवे लागायच्या सुमाराला ती उतरली. मी तांब्या घेऊन उभी होते, तासभर तरी उभी असेन. तिने घेतला आणि प्यायला लागली. मी सवयीने बघत होते. पाव झाला, निम्मा झाला, पाऊण झाला, तरी ती पीतच होती. शेवटचा थेंब गेल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"पंख काढून ठेव," ती म्हणाली. "उद्याच्या गाडीनं निघायचंय."

त्याबद्दल ती त्यानंतर एक शब्दही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि पुढे चाळीस वर्षांतही नाही. देवदूत दुसरीच मुलगी झाली. तिला पंख मोठे झाले आणि ती डोंगरावरून मेंढरांवर पडली असं पपांनी कळवलं. मी सुधारले होते, पण इतकीही नाही. ते वाचून मला बरं वाटलं.

गावी पोचलो तेव्हा आजोबा दारात काठीवर रेलून उभे होते. मे महिन्यात पाहिले होते त्यापेक्षा पुष्कळ लहान दिसले. आईने खाली वाकून त्यांच्या पायातली चप्पल उगाच सरळ केली. 

"उशीर झाला," आजोबा म्हणाले. "पत्र मिळालं नव्हतं काय?"

"मिळालं अण्णा," आई म्हणाली. "डोंगरावर अडकलं होतं."

आजोबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी माझ्या सोललेल्या बोटाकडे बघत राहिले. "असं होय," ते म्हणाले आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नियम त्यांचेच होते.

नाताळच्या दिवशी उपासना झाल्यावर आईने त्यांना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. खरा डोंगर आमच्या दगडाच्या शंभर पट मोठा होता, पण आजोबांना पहिल्या सपाट खडकापर्यंतच चढता आलं. आमच्या वठारातल्या डोंगराएवढंच, त्याहून बोटभरही जास्त नाही. ते तिथे टेकले आणि म्हणाले, "पुरे. एवढ्या उंचीवर पण ऐकू येतं त्याला." आईने मला डोळ्याने खूण केली आणि मी खाली पळाले. या वेळी मी खरंच काही ऐकलं नाही. विहिरीवर जाऊन तांब्या भरला आणि पायवाटेवर उभी राहिले.

पुष्कळ वेळाने ती दोघं उतरली. मी तांब्या पुढे केला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही हातांनी आजोबांपुढे धरला.

आजोबा फार सावकाश पीत होते. एक घोट घ्यायचा, आभाळाकडे बघायचं, पुन्हा एक घोट. ही युक्ती मी एकटीने शोधून काढली असं मला वाटत होतं. आई त्यांच्यासमोर नुसती उभी होती. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तो उपडा करून दाखवला, लहान मुलं दाखवतात तसा.

"सात महिने तहानलो होतो गं पोरी," ते म्हणाले.